लिपीपुढे वाकलेलं यंत्र

ठाकुर्ली-डोंबिवली पट्ट्यात मराठी अक्षरजुळणी करणाऱ्याच्या टेबलावर येणारं काम ठरलेलं असतं. लग्नपत्रिका, सोसायटीच्या वार्षिक सभेचा अहवाल, गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका, क्लासची हँडबिलं, मधूनच एखादा स्वखर्चाने छापायचा कवितासंग्रह, आणि संध्याकाळपर्यंत हवंच असलेलं श्रद्धांजलीचं कार्ड. यातलं एकही काम ज्यांनी कॉम्प्युटर घडवला त्या लोकांनी डोळ्यांपुढे ठेवलं नव्हतं. तरी ते आज एका खोलीत, एका माणसाकडून, एका यंत्रावर पुरं होतं. या यंत्राच्या जनकांबद्दल मनात आदर असणं स्वाभाविक आहे आणि तो असायलाच हवा. पण तो कोणाकोणाला द्यायचा हे ठरवताना आपण बाहेरून आलेली तयार यादी घेतो आणि स्टीव्ह जॉब्ज, बिल गेट्स या दोन नावांवर थांबतो. ही यादी खोटी नाही, अपुरी आहे. ती कुठे अपुरी पडते हे मराठी मजकूर रोज यंत्रात घालणाऱ्याला जितकं लख्ख दिसतं, तितकं इतरांना सहसा दिसत नाही.

आधी या यादीतल्या लोकांनी नेमकं काय केलं ते पाहू. 9 डिसेंबर 1968 ला डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत दीड तासाचं प्रात्यक्षिक दिलं. त्यात माउस होता, पडद्यावर सुधारता येणारा मजकूर होता, दूर बसलेल्या सहकाऱ्याबरोबर एकाच कागदावर काम करणं होतं. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोडीचं अवाढव्य यंत्र आणि त्याच्या खिडकीतून पंच कार्डं आत देणारी माणसं. ॲलन के यांनी 1972 मध्ये मुलांनाही हाताळता येईल अशा पाटीएवढ्या कॉम्प्युटरची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात आल्टो हे यंत्र उभं राहिलं. तिथल्या लॅरी टेस्लर यांनी मजकूर कापून दुसरीकडे चिकटवण्याची जी पद्धत रुळवली, तिच्याशिवाय अक्षरजुळणीचा एकही दिवस जात नाही. मग 1975 चं अल्टेअर, 1977 चं वॉझनिॲक यांचं ॲपल टू, 1981 चा आयबीएमचा पीसी. आमच्या धंद्याचं खरं वर्ष मात्र 1985. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा, ॲपलचा लेझररायटर प्रिंटर आणि पॉल ब्रेनर्ड यांचं पेजमेकर ही तीन कामं त्या वर्षी एकत्र आली. ब्रेनर्ड वर्तमानपत्रांच्या अक्षरजुळणी यंत्रणांच्या व्यवसायातून आलेले होते, त्यामुळे पान म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. अक्षर म्हणजे ठिपक्यांचा ठरावीक साचा ही समजूत पोस्टस्क्रिप्टने मोडली. अक्षर वक्ररेषांच्या गणितात साठवलं की तेच वर्णन 10 पॉइंटच्या मजकुरालाही चालतं आणि बॅनरलाही. गॅली प्रूफ, कात्री, डिंक, लाइट टेबल हे सगळं एका पडद्यात मावलं.

या सगळ्यांत समान काय आहे? मला वाटतं, एकच गोष्ट. तोवर माणसाने यंत्राची भाषा शिकायची असा शिरस्ता होता. या लोकांनी तो उलटवला. हात जसा हलतो तसा बाण हलावा, कागद जसा दिसणार तसा पडद्यावर दिसावा, चूक पुसता यावी. यंत्राने माणसापुढे वाकावं हा त्यांचा आग्रह होता आणि आदर द्यायचा तो या आग्रहाला. श्रीमंती, कंपनीचा आकार, भाषणांची लोकप्रियता हे सगळं त्याच्या मागून आलं. ही कसोटी मान्य असेल तर ती सगळ्यांना सारखीच लावायला हवी, आणि लावली की यादीत आपल्याकडची काही नावं आपोआप येतात.

देवनागरी आणि यंत्र यांचं भांडण कॉम्प्युटरपेक्षा फार जुनं आहे. खिळ्यांच्या छपाईत इंग्रजीचा टाइप दोन पेट्यांत भागायचा. देवनागरीला जोडाक्षरं, मात्रा, रफार, रुकार, अर्धी अक्षरं धरून शेकडो घरांची केस लागायची आणि ती पाठ असलेला कंपोझिटर मिळायला बरीच वर्षं जावी लागायची. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने सुबक टाइप घडवून हा भार पेलला, पण तो हलका झाला नाही. म्हणून विचारी माणसं उलट दिशेने विचार करू लागली. टिळकांनी केसरीसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा प्रश्न हाती घेतला. सावरकरांनी अ-ची बाराखडी सुचवली, म्हणजे इ, उ, ए यांसाठी वेगळी अक्षरं नकोत, अ-लाच वेलांट्या-मात्रा लावाव्यात. या खटपटीमागे भाषेवरचं प्रेमच होतं. पण गृहीतक एकच, की यंत्र बदलणार नाही, तेव्हा लिपी बदला. टाइपरायटरने हे गृहीतक आणखी घट्ट केलं. ख, ध, भ यांसारखी अक्षरं अर्धं अक्षर आणि काना अशा दोन ठोक्यांत बसवली गेली आणि मराठी टायपिस्टची बोटं ध्वनी सोडून आकारांच्या मागे धावायला शिकली.

हे धावणं म्हणजे काय ते आपल्याच दोन स्टेशनांच्या नावांत पाहता येतं. ‘डोंबिवली’ टाइपरायटरच्या पद्धतीने लिहायचं तर ‘डों’नंतर आधी ऱ्हस्व वेलांटी दाबायची आणि मग ‘ब’, कारण वेलांटी डाव्या बाजूला दिसते. तोंड म्हणतं ‘ब’ आणि मग ‘इ’, बोटं नेमकी उलट जातात. ‘ठाकुर्ली’त तर रफार सगळ्यात शेवटी. ठ, काना, क, उकार, ल, दीर्घ वेलांटी हे सगळं उमटवून झाल्यावर मागे वळून त्या ‘ली’च्या डोक्यावर ‘र’ बसवायचा, जो बोलताना ‘ली’च्या आधी येऊन गेलेला असतो. डोळ्याला दिसतं तसं साठवणारं यंत्र हा मजकूर छापू शकतं, पण त्यात काय लिहिलंय हे त्याला कळत नाही. त्याच्या लेखी ते आकारांचे तुकडे. ‘डो’तला ओकार कोणी एका कळीने काढतो, कोणी काना आणि मात्रा वेगवेगळे देऊन. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात आणि शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा नाही. सोसायटीच्या सभासदांची यादी अकारविल्हे लावायची म्हटलं तर यंत्राचा काही उपयोग नाही, माणसानेच कागद घेऊन बसायचं.

आयआयटी कानपूरमध्ये आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांनी या मुळाशी हात घातला. तिथला देवनागरी कॉम्प्युटर 1983 मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात लोकांपुढे आला. त्यामागचा विचार सांगायला सोपा आहे आणि सुचायला फार अवघड होता. साठवायचा तो उच्चार, दाखवायचा तो आकार, आणि एकातून दुसरं काढण्याचं काम यंत्राचं. ‘ठाकुर्ली’ म्हणजे ठ, काना, क, उकार, र, हलन्त, ल, दीर्घ वेलांटी अशा आठ खुणा, बोलण्याच्याच क्रमाने. रफार ‘ली’वर नेऊन बसवायचा हे यंत्राने नियम वाचून ठरवावं. याच विचारातून जिस्ट हे तंत्र आणि इस्की ही संकेतप्रणाली उभी राहिली. 1986 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट कळफलक प्रमाण ठरवला, 1988 मध्ये पुण्यात सीडॅक हे सरकारी संगणक संशोधन केंद्र स्थापन झालं आणि जिस्टचं काम तिथे आलं. भारतीय मानक ब्यूरोने 1991 मध्ये इस्कीला मानकाचा दर्जा दिला. त्याच वर्षी सीडॅकने विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम 8000 हा महासंगणक केला. त्याचं कौतुक साऱ्या देशाने ऐकलं आणि ते योग्यच होतं. पण पीसीच्या खाचेत बसणारं एक जिस्ट कार्ड, जे इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमांना भारतीय लिप्या लिहायला लावत होतं, त्याचं मोल माझ्या दृष्टीने तसूभरही कमी नाही.

इनस्क्रिप्टची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. नुसती कळ दाबली की मात्रा, शिफ्टसह दाबली की तोच स्वर स्वतंत्र. क, ग, त, प या कळांवर शिफ्ट दिला की ख, घ, थ, फ, म्हणजे अल्पप्राणाचा महाप्राण. शाळेत शिकलेली वर्णमालाच बोटांखाली मांडून ठेवलेली आहे. मधल्या ओळीत डाव्या मधल्या बोटाखाली हलन्त आहे, आणि त्या एका कळीने खिळ्यांच्या केसमधली शेकडो घरं मोडीत काढली. कुठलंही जोडाक्षर म्हणजे व्यंजन, हलन्त, व्यंजन. डावा-उजवा हात आलटून पालटून चालतो, कारण आपल्या भाषांत स्वर-व्यंजनंही बहुधा आलटून पालटूनच येतात. लिपीच्या ध्वनिशास्त्रीय बांधणीवर ल. श्री. वाकणकरांसारख्या मराठी अभ्यासकाने ‘गणेशविद्या’सारखं पुस्तक 1968 मध्येच लिहिलं होतं. ते शास्त्र पुस्तकात होतं, यंत्रात उतरलं नव्हतं. कानपूर-पुण्याच्या मंडळींनी ते उतरवलं आणि लिपी बदला म्हणणाऱ्या सगळ्या जुन्या सूचना निकालात निघाल्या.

यावर पहिला आक्षेप असा, की हे अनुकूलन झालं, आविष्कार नव्हे. यंत्र त्यांचं, आपण त्यावर आपलं अक्षर बसवलं, मग दोघांना एका पंक्तीत कसं बसवता? आक्षेप वजनदार वाटतो, पण त्याच काळातल्या यंत्रांकडे पाहिलं तर तो टिकत नाही. 1977 चं ॲपल टू इंग्रजीची धाकटी लिपीसुद्धा दाखवू शकत नव्हतं, पडद्यावर सगळी कॅपिटल अक्षरं. एका अक्षराला एक घर, घरं डावीकडून उजवीकडे, एकापुढे एक, हेच त्या काळच्या यंत्राचं अक्षराबद्दलचं ज्ञान. ते सहा वर्षांत बाजूला सारून उच्चार आणि आकार वेगळे करायचे आणि मध्ये नियम बसवायचे, याला नुसतं अनुकूलन म्हणणं न्यायाचं नाही. दुसरा पुरावा आणखी ठोस आहे. 1991 मध्ये जगासाठी युनिकोड आलं तेव्हा त्यातले भारतीय लिप्यांचे विभाग इस्कीच्या 1988 मधल्या आधीच्या आवृत्तीवरून घेतले गेले. युनिकोडच्या तक्त्यात देवनागरी ‘क’पासून 128 घरं पुढे गेलं की बंगाली ‘क’ लागतो, आणखी 128 पुढे गुरुमुखीचा, मग गुजराती, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम. ब्राह्मीच्या लेकी एकाच मापाच्या घरांत, एकाच क्रमाने बसलेल्या आहेत. आज कोणत्याही देशात बनलेला कोणताही फोन मराठी दाखवतो तेव्हा तो हा क्रम पाळतो. जगाने उसनं घेतलं ते इथलं होतं.

दुसरा आक्षेप आमच्याच धंद्यातून येतो आणि तो जास्त बोचणारा आहे. इतकं चांगलं होतं तर डीटीपीवाल्यांनी ते वापरलं का नाही? खरं आहे, नाही वापरलं. नव्वदच्या दशकात गिरगाव-फोर्टच्या छापखान्यांतली अक्षरजुळणी जेव्हा डोंबिवली-ठाकुर्लीच्या घरांतल्या खोल्यांत सरकली, तेव्हा तिथे चालले ते खासगी फॉन्ट. त्यांची कारणं व्यवहाराची होती. पेजमेकरला उच्चार-आकाराचे नियम कळत नव्हते, त्याला आकारच हवे होते. टायपिंगची परीक्षा दिलेले हात टाइपरायटरचा कळफलक मागत होते. गिऱ्हाइकाला शीर्षकासाठी वेगवेगळी वळणं हवी होती आणि ती फॉन्टवाल्यांकडे होती. त्या फॉन्टांनी मराठी पानाला देखणेपण दिलं, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण प्रत्येकाचा संकेत वेगळा होता. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी तुकडे भरलेले, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांची रांगोळी. त्या काळात जुळवलेली दिवाळी अंकांची, स्मरणिकांची, स्थानिक इतिहासाच्या पुस्तिकांची कितीतरी पानं आज अशा फाइलींत आहेत, की ज्यांतला मजकूर शोधता येत नाही आणि रूपांतर केलं तर रफार आणि वेलांट्या हमखास घसरतात. बाजाराने मानक नाकारलं म्हणून मानक चुकीचं ठरत नाही. ते नाकारल्याचा हिशेब हा धंदा अजून चुकवतो आहे, आणि तोच तांबे आणि सहकाऱ्यांच्या दूरदृष्टीचा सगळ्यात सबळ पुरावा आहे.

मानकाला देखणं करणारा माणूस मराठीच निघाला. र. कृ. जोशी, जन्म 1936, जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले, कवी, सुलेखनकार. 1983 पासून त्यांनी आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन केंद्रात शिकवलं, पुढे जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत कॉम्प्युटरसाठी अक्षरं घडवली. 2000 साली विंडोज 2000 बरोबर आलेला मंगल हा फॉन्ट त्यांचा. तमिळ, गुजराती, तेलुगू, कन्नड अशा इतर लिप्यांच्या विंडोज फॉन्टांमागेही त्यांचा हात आहे. जॉब्ज यांनी रीड कॉलेजात सुलेखनाचा वर्ग केला आणि म्हणून मॅकिंटॉशची अक्षरं सुंदर झाली, हे आपण कौतुकाने सांगतो. इथे तर आयुष्यभर बोरू चालवलेला माणूस स्वतः यंत्राजवळ जाऊन बसला. मंगल सपक दिसतो अशी तक्रार असते, आणि छापील पानापुरती ती मलाही पटते. पण त्या काळच्या पडद्यावर, मोजक्या ठिपक्यांत, मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत न मिसळता वाचता यावेत ही त्या फॉन्टची जबाबदारी होती, लग्नपत्रिका सजवण्याची नव्हे. त्यांनीच घडवलेला रघु हा फॉन्ट मुक्तपणे वापरायला खुला झाला. पुढे व्हीजेटीआयच्या जितेंद्र शहांच्या इंडिकट्रान्स गटाने तीच वाट चालवली आणि मुंबईच्या एक टाइपने मुक्ता, बालूसारखे फॉन्ट खुले करून ती पुढे नेली.

मराठीचे बारकावे मात्र आपोआप आले नाहीत. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ यांत एक विद्वान आहे आणि एक स्वयंपाकी. हिंदीला या दुसऱ्या ‘र’ची गरज पडत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या कित्येक प्रोग्रॅमांत ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होऊन जायचं. ‘ॲप’मधला ‘ॲ’ युनिकोडला 2008 मध्ये मिळाला, तोवर हिंदी वळणाच्या ‘ऍ’वर भागवावं लागत होतं. एकेका खुणेसाठी कोणीतरी चिकाटीने अर्ज, पुरावे, नमुने दिले तेव्हा ती आली. प्रूफ तपासणाऱ्याला या एका खुणेची किंमत किती असते हे निराळं सांगायला नको.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात आदराचा वाटतो. व्यक्तिपूजा कशाला, हे सगळं गटांचं, समित्यांचं, सरकारी पगारावरचं काम. ठाकुर्लीच्या माणसाला हा मुद्दा पटकन समजेल, कारण चोळे गावाजवळचं रेल्वेचं वीजघर 1929 पासून मुंबईच्या विजेच्या गाड्यांना वीज पुरवत होतं आणि गाडीत बसलेल्यांपैकी कोणालाही तिथल्या इंजिनिअरचं नाव ठाऊक नव्हतं. पण यातून निघतो तो निष्कर्ष वेगळा आहे. पूजा नको म्हणजे नोंदही नको असं नव्हे. ऑक्टोबर 2011 मध्ये जॉब्ज गेले तेव्हा जगभर दुखवटा झाला. त्यानंतर आठवड्याभरात डेनिस रिची गेले. सी भाषा आणि युनिक्स यांतला त्यांचा वाटा पाहता आजचं क्वचितच एखादं यंत्र त्यांच्या ऋणातून मोकळं असेल, पण ती बातमी कोपऱ्यात गेली. उपकरण विकणारा दिसतो, पाया घालणारा दिसत नाही. समितीतही कोणीतरी पहिल्यांदा म्हणालेलं असतं की उच्चार साठवा, आकार नको. ते कोण होतं हे सांगता येत असेल तर सांगावं, इतकंच.

आणि या यंत्राने कंपोझिटरचा घास हिरावला, त्याचं काय? हिरावला, यात शंका नाही. आठ-आठ वर्षं केस पाठ केलेले हात काही वर्षांत निरुपयोगी झाले आणि त्या सगळ्यांना माउस हाती घेता आला नाही. आदराच्या भाषणात हा भाग गाळला तर तो आदर अर्धवट राहील. पण तो भार यंत्र माणसापुढे वाकवणाऱ्यांवर टाकता येत नाही. माउस आणि इनस्क्रिप्ट दोन्ही शिकायला सोपे होते. शिकवायला पैसा आणि वेळ कोणी द्यायचा, हा प्रश्न मालकांचा आणि सरकारचा होता, आणि तो त्यांनी कामगारावर सोडला.

आता इनस्क्रिप्ट तरी कोण वापरतं, लोक रोमन अक्षरांत मराठी लिहितात नाहीतर फोनला तोंडी सांगतात, असं विचारलं जातं. वापरणारे थोडे आहेत हे खरं. पण आयआयटी मुंबईच्या आयडीसीत अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी फोनसाठी केलेलं स्वरचक्र पाहा. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याची बाराखडी चक्रासारखी भोवती उमलते. टाइपरायटर कधी न पाहिलेल्या माणसालाही ते लिहिता येतं, कारण रचना तीच, वर्णमालेची. तोंडी सांगितलेलं वाक्यही शेवटी त्याच घरांत, त्याच उच्चारक्रमाने साठतं. प्रश्न उरतो तो मागच्या मजकुराचा. कल्याण-डोंबिवलीतल्या छोट्या डीटीपी केंद्रांच्या कपाटांत जुन्या संकेतांतल्या फाइलींच्या सीडी पडून आहेत आणि सीडी वाचणारी यंत्रं दुर्मीळ होत चालली आहेत. कोणत्या फॉन्टचा कोणता तक्ता, त्यात रफार कुठे आणि ओकार किती प्रकारांनी, हे ठाऊक असलेली पिढी अजून कामावर आहे. ते तक्ते लिहून काढणं आणि फाइली युनिकोडमध्ये आणून हाताने प्रूफ वाचणं हे काम ग्रंथालयांनी आणि मंडळांनी या लोकांना रीतसर मोबदला देऊन आत्ताच करून घ्यायला हवं.